रहिवासी संघ आणि दुकानदार मंडळ: एकच संस्था करावी की दोन्ही वेगळी राहू द्यावीत?

वहीवाली, विलेपार्ले पूर्व

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

पार्ल्यात आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. राहायलाही त्याच गल्लीत. त्यामुळे गल्लीतल्या रहिवासी संघात मी आहे आणि दुकानदार मंडळातही आहे. संघाची बैठक रविवारी सकाळी कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून होते. मंडळाची बैठक शटर खाली ओढल्यावर, रात्री साडेनऊनंतर. दोन्हीकडे बसते, दोन्हीकडचं ऐकते आणि दोन्हीकडची माणसं मला चांगली वाटतात. म्हणूनच हे सगळं जिवाला लागलंय.

गेल्या दिवाळीत दुकानदारांनी कंदील, पणत्या, रांगोळीच्या फळ्या फुटपाथवर मांडल्या. दरवर्षी मांडतात. या वेळी वॉकर घेऊन चालणाऱ्या एका आजोबांना रस्त्यावर उतरावं लागलं आणि मागून रिक्षा आली. सुदैवाने लागलं नाही, पण संघाने तक्रार केली. दोन दिवसांनी महापालिकेची गाडी आली, फळ्या आणि स्टुलं उचलून नेली, एका दुकानाची पायरीही तोडली. त्या रात्री मंडळात ठरलं की गल्लीतल्या कॅमेऱ्यांच्या देखभालीचे पैसे यापुढे द्यायचे नाहीत. कॅमेरे लावायचा अर्धा खर्च दुकानदारांनी उचललाय आणि त्यांचा पडदा मेडिकलवाल्याकडे आहे. म्हणजे आता गल्लीत चोरी झाली तर रेकॉर्डिंग मागायला जाणारा आणि देणारा एकमेकांशी बोलत नाहीत.

रस्त्याचं म्हणाल तर पहाटे दुधाचे क्रेट उतरतात, अकराच्या सुमारास हार्डवेअरवाल्याचा टेम्पो येतो आणि दुपारी काँक्रीटचे मिक्सर. पुनर्विकासामुळे निम्म्या गल्लीला पत्रे लागलेत. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर शिंपी होता, पिको-फॉल करणाऱ्या एक बाई होत्या, छत्री दुरुस्त करणारे होते. नव्या इमारतीत दुकानाची जागा कागदावर मिळते, पण बांधकाम होईतो तीन-चार वर्षं गिऱ्हाईक कुठे थांबतंय? त्यातून दहा मिनिटांत घरपोच देणारे आलेत. जी दुकानं उरलीत ती टिकावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ते फक्त मी दुकानदार आहे म्हणून नाही. ज्या दिवशी लाइट जातात त्या दिवशी मेणबत्ती आमच्याच गल्लीत मिळते आणि एकट्या राहणाऱ्या काकूंचं औषध मेडिकलचा मुलगा वर नेऊन देतो.

आता काही तरुण मंडळींनी सुचवलंय की दोन्ही बरखास्त करून एकच नोंदणीकृत संस्था करावी. एकच नाव, एकच खातं, एकच समिती. ऐकायला छान वाटतं. पण असं कुठे चाललंय का? नोंदणी करायची तर कुठल्या कायद्याखाली? आणि आमच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी यात कुठे बसतात? त्यांचा विषय दोन्ही बैठकांत निघतो, पण त्यांना कोणी बोलावत नाही.

जुना घाटकोपरकर

ताई, एकत्र करू नका. आधी उत्तर देतो, कारण मग.

मी घाटकोपर पूर्वेला एएलएमचं काम करतो. नव्या लोकांसाठी सांगतो, एएलएम म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. १९९७-९८ च्या सुमारास महापालिकेने ही योजना आणली आणि तिची सुरुवात घाटकोपरच्याच जोशी लेनमधून झाली. गल्लीतल्या लोकांनी ओला-सुका कचरा वेगळा करायचा, गल्ली स्वच्छ ठेवायची आणि महापालिकेने त्यांना वॉर्डात दाद द्यायची, असा साधा करार. पुढे मुंबईभर शेकडो एएलएम झाल्या. बऱ्याच आता फक्त कागदावर आहेत. ज्या टिकल्या त्या का टिकल्या हे मी जवळून पाहिलंय: त्यांनी आपलं काम लहान ठेवलं.

एक संस्था केलीत तर पहिल्याच वर्षी काय होईल सांगतो. रहिवासी संख्येने जास्त, म्हणजे समितीत त्यांचं बहुमत. दुकानदार दोन बैठकांना येतील, तिसरीपासून येणार नाहीत, पण वर्गणी मात्र त्यांच्याकडेच मागितली जाईल. उलट एखाद्या दुकानाने खरंच फुटपाथ अडवला तर संस्थेला पत्र लिहिता येणार नाही, कारण तो दुकानदार खजिनदार असेल. रहिवाशांची बाजू मांडणारी संस्था हवीच आणि दुकानदारांचीही हवी. भांडायला दोन बाजू असल्या तर समेटही करता येतो.

त्याऐवजी दोघांचे तीन-तीन लोक घेऊन एक समन्वय समिती करा. तिला बँक खातं नको, अध्यक्ष नको. दोघांशिवाय होऊच शकत नाही असं एकच काम तिच्याकडे द्या.

आमचं तसं काम कचऱ्याचं निघालं. दुकानं रात्री दहाला बंद होणार आणि कचऱ्याची गाडी सकाळी सातला येणार. दुकान उघडतं दहाला. मग दुकानदाराने पिशवी ठेवायची कुठे? कोपऱ्यावर. रात्रभर कुत्री ती फाडायची आणि सकाळी फिरायला निघालेले रहिवासी म्हणायचे, दुकानदारांना शिस्त नाही. दोन वर्षं फलक लावले, दंडाच्या गोष्टी केल्या, काही झालं नाही. शेवटी कोणीतरी दोन्ही वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की इथे शिस्तीचा प्रश्नच नाही, वेळेचा आहे. मग एका सोसायटीच्या फाटकाच्या आत दोन ड्रम ठेवले, ओला आणि सुका. दुकानदार बंद करताना त्यात टाकतात, वॉचमन सकाळी गाडीला देतो आणि त्याला दुकानदार महिन्याला पैसे देतात. शहाळीवाल्याची करवंटी वेगळ्या पोत्यात. कोपरा तेव्हापासून साफ आहे.

आणि हे फक्त सौजन्य म्हणून नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये रहिवासी संघ आणि बाजार संघटना या दोघांची नावं एकाच वाक्यात होती: जागेवरच वर्गीकरण होईल हे दोघांनी पालिकेच्या सोबतीने पाहायचं. आता त्यांच्या जागी २०२६ चे नियम आलेत. त्यांत याबद्दल काय लिहिलंय ते छापून दोन्ही बैठकांत वाचा.

वहीवाली, विलेपार्ले पूर्व

काका, वेळेचं अगदी पटलं. आमच्याकडेही नेमकं तेच आहे, फक्त कोणी कागदावर मांडलं नाही.

पण ड्रम कुठे ठेवायचा? आमच्या कुठल्याही सोसायटीला विचारलं तर "दुकानांचा कचरा आमच्या आवारात नको" हेच उत्तर येणार. कालच एका सेक्रेटरींशी बोलले. माणूस भला आहे, पण दुकान म्हटलं की चेहरा बदलतो.

जुना घाटकोपरकर

ज्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकानं आहेत तिथे जा. ते दुकानदार बहुतेक वेळा त्याच सोसायटीचे सभासद असतात, देखभाल खर्च भरतात, सर्वसाधारण सभेत त्यांना मत असतं. सेक्रेटरींना हे माहीत असतं, पण दुकानदार सभेला जात नाही आणि मग तो परका होतो. दोन दुकानदारांना घेऊन जा आणि मागणी सभासद म्हणून करा, दुकानदार मंडळ म्हणून करू नका. आम्हाला जागा अशीच मिळाली.

पायरी तुटली त्या दुकानदाराचंही एक. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ खाली फुटपाथवरचं अतिक्रमण नोटिशीशिवाय काढता येतं. त्यामुळे त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. पण पावसाळ्यात पाणी आत शिरू नये म्हणून दुकानाला उंबरा लागतोच. तो दुकानाच्या रेषेच्या आत, उताराचा करता येतो. संघातल्या एखाद्या इंजिनिअर माणसाने त्याला त्याचा आराखडा काढून दिला तर कॅमेऱ्यांचा विषय निम्मा सुटेल असं मला वाटतं.

हिशेबनीस, दादर

नोंदणीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. अशा संस्थांचे कागद मी बरीच वर्षं करतो.

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांना संस्था नोंदवता येते. पण आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंद होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. आपल्यासाठी ते वरळीला. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी आणि समितीत कोणी बदललं की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्टच लोक विसरतात. पाच वर्षांनी बँक म्हणते, तुमच्या सह्या जुन्या अध्यक्षांच्या, नव्यांची नावं धर्मादायच्या नोंदीत नाहीत. मग खातं अडकतं. मी पाहिलेल्या निम्म्या संस्था इथेच थकल्या.

आता तुमच्या विलीनीकरणाची मूळ अडचण. १८६० च्या कायद्यात धर्मादाय, शिक्षण, कला, साहित्य, शास्त्र अशा हेतूंना जागा आहे. व्यापाऱ्यांचं हित जपणं हा हेतू त्यात सहज बसत नाही. म्हणून काही व्यापारी संघटना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली जातात, तिथे वाणिज्याला चालना हा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे. पण एका गल्लीच्या मंडळाला तो खर्च आणि ती कागदपत्रं झेपत नाहीत. दोन वेगवेगळे हेतू एका घटनेत कोंबलेत की एक तर अर्ज परत येतो, नाहीतर पुढे खर्चावर हरकती निघतात.

म्हणून घाटकोपरकरांशी सहमत. फक्त एक गोष्ट आजच बघा: कॅमेऱ्यांचे पैसे कोणाच्या खात्यात आहेत? कोणा एकाच्या बचत खात्यात असतील तर ते लगेच हलवा. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर बँक ते पैसे त्याच्या नॉमिनीला किंवा वारसांना देते आणि दुःखात असलेल्या घरी जाऊन कोणालाही पैसे मागता येत नाहीत. कॅमेऱ्यांच्या देखभालीचा करार एखाद्या सोसायटीच्या नावाने करा. सोसायटीचे हिशेब तपासले जातातच. दुकानदारांनी आपला वाटा सोसायटीला धनादेशाने द्यावा आणि पावती घ्यावी.

चिराबाजारचा

माझं मत वेगळं आहे, तेही ऐकून घ्या.

आमच्याकडे काळबादेवी-गिरगावात मेट्रो ३ साठी इमारती पाडल्या. त्या वेळी वरचा भाडेकरू आणि खालचा दुकानदार दोघंही पागडीचे, दोघांचंही छप्पर जाणार होतं. रहिवाशांना वेगळं बोलावून एक सांगायचे, दुकानदारांना दुसरं. जिथे दोन्ही गट वेगळे गेले तिथे एकमेकांना काय कबूल झालंय हेच कळत नव्हतं. जिथे सगळे एकाच टेबलावर बसले तिथे निदान एकच कागद सगळ्यांनी वाचला. आमची लोकं पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली. त्यांना आपल्याच वस्तीत परत यायचं होतं आणि दुकानदाराला त्याच रस्त्यावर परत गाळा हवा होता. मागणी एकच होती.

तुमच्या गल्लीला निम्मे पत्रे लागलेत म्हणता. मग पुनर्विकासापुरतं तरी एकत्र या. एका इमारतीच्या दुकानदाराला बांधकामाच्या काळात शेजारच्या इमारतीत तात्पुरता गाळा मिळाला तर तो गल्ली सोडून जात नाही. हे बिल्डर आपणहून करणार नाही. रहिवाशांनी करारात ते मागायला हवं, कारण त्यांची सही झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आमच्या ओळखीच्या एका चष्मेवाल्याचं दुकान असंच टिकलं. समोरच्याच इमारतीत बसला, जुनी पाटी तिथे लावली, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून आलं.

वहीवाली, विलेपार्ले पूर्व

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या गल्लीत आणखी दोन सोसायट्यांचे करार अजून व्हायचे आहेत आणि एकीच्या खाली वाणसामानाचं दुकान आहे. त्या सोसायटीच्या अध्यक्षा माझ्याकडे नातवाच्या प्रोजेक्टचं सामान घ्यायला येतात, त्यांच्याशी या आठवड्यात बोलते.

हिशेबनीसदादा, पैसे खरंच एका सद्गृहस्थांच्या बचत खात्यात आहेत. ते सत्तरीच्या पुढचे आहेत, अतिशय सचोटीचे. त्यांना दुखावणार नाही अशा शब्दांत हे मांडायला हवं.

माटुंगा रोड

फेरीवाल्यांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आई भाजी विकते. मी नोकरी करते, पण सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर बसते.

रहिवासी आणि दुकानदार एकत्र आले की पहिला ठराव आमच्याविरुद्ध होतो. हे मी रागाने म्हणत नाही, लहानपणापासून बघत आलेय. म्हणून त्या मावशींचा प्रश्न तुम्ही विचारलात त्याचं फार बरं वाटलं.

फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती असते, आयुक्त तिचे अध्यक्ष. तिच्यात फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया. पण त्याच समितीत रहिवासी संघांना आणि व्यापारी संघटनांनाही जागा दिलेली आहे. म्हणजे कायद्याने या तिघांना एका खोलीत बसवलंय. शहराच्या पातळीवर ते होईल तेव्हा होईल, गल्लीच्या पातळीवर तुम्ही उद्या करू शकता.

दुसरी बाजूही सांगते. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, देवळं, इस्पितळं अशा ठिकाणांपासून १०० मीटरच्या आत बसायला मनाई केली. तेव्हा आधी मोजून घ्या. तुमचा कोपरा त्या अंतरात येत असेल तर मावशींना ते प्रेमाने आणि आधी सांगा. गाडी आल्यावर कळलं तर त्या दिवसाचा सगळा माल जातो. आईची एकदा पालेभाजीची टोपली गेली होती. दुसऱ्या दिवशीची खरेदी उधारीवर झाली.

आई जिथे बसते तिथला कापडवाला रात्री तिचा तराजू आणि रिकाम्या टोपल्या दुकानात ठेवू देतो. ती सकाळी सहाला येते, तो दहाला. मधले चार तास त्याच्या शटरसमोर कोणी गाडी लावत नाही, कोणी घाण करत नाही, कारण आई बसलेली असते. त्याला कुरिअर आलं तर तीच घेऊन ठेवते. हे कुठल्या बैठकीत ठरलं नव्हतं. पण बैठकीत बोलवलंत तर मावशी अशा गोष्टी सांगतील ज्या तुमच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. फक्त बैठक दुपारी अडीच ते चारच्या मध्ये ठेवा. सकाळ-संध्याकाळ धंद्याची वेळ, रात्री त्यांना लोकल पकडायची असते.

वहीवाली, विलेपार्ले पूर्व

तुमचं लिहिणं आज दुकानात बसून दोनदा वाचलं. दुपारची वेळ पक्की. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे दुकानदारांनाही चालेल. संघातले नोकरदार येऊ शकणार नाहीत, पण निवृत्त मंडळी भरपूर आहेत आणि काम तीच करतात.

तर असं मांडणार आहे. संघ आणि मंडळ दोन्ही आहेत तशीच राहतील. तीन-तीन लोक आणि सोबत मावशी. पहिल्या बैठकीत दिवाळीचा विषय काढायचाच नाही. फक्त कचऱ्याची वेळ आणि टेम्पो उतरवण्याची वेळ. मिक्सरवाल्यांनाही शाळा सुटायची वेळ टाळायला सांगायचं आहे, ते पत्र दोघांनी मिळून द्यावं असं वाटतं. कॅमेऱ्यांचे पैसे दुसऱ्या बैठकीत, तेही आमच्या त्या काकांशी आधी घरी जाऊन बोलून. दिवाळीच्या फळ्यांचं गणपतीच्या आधी बघू. फुटपाथची किती रुंदी मोकळी ठेवायची ते खडूने आखून घ्यावं असं माझ्या मनात आहे आणि आखताना ते वॉकरवाले आजोबा तिथे हवेत.

घाटकोपरकर काका, दोघांचं मिळून पत्र कसं लिहिता? एकाचं लेटरहेड वापरलं की दुसऱ्याला राग येतो.

जुना घाटकोपरकर

कोऱ्या कागदावर लिहायचं. खाली डावीकडे संघाचा शिक्का आणि सही, उजवीकडे मंडळाचा. विषय एकच, मजकूर एका पानाच्या आत, मागणी शेवटच्या परिच्छेदात आणि तीही एकच. बिल्डरला द्याल त्याची प्रत वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना. वॉर्डात आवक विभागात दोन प्रती घेऊन जा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तो क्रमांक दोन्ही ग्रुपवर टाका. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा दाखला देऊन दुसरं पत्र, आणि ते घेऊन जाताना एक रहिवासी आणि एक दुकानदार असे दोघं जा.

रविवारी मी पार्ल्यात मुलीकडे येणार आहे. ड्रमची जागा बघायची असेल तर इथे निरोप ठेवा, येतो.